कसारा आधी, कळवा नंतर

२०२० साली ठाणे जिल्ह्यातील एका सार्वजनिक वाचनालयासाठी मी संकेतस्थळ तयार करत होतो. ग्रंथसूची, सभासदांची नोंद, पुस्तकांची देवघेव आणि मुदत संपल्याची सूचना एवढाच त्याचा पसारा होता. पहिला नमुना ग्रंथपाल बाईंसमोर ठेवला, तेव्हा रंग किंवा मांडणी यांविषयी काहीही न बोलता त्यांनी सभासदांच्या गावांच्या यादीवर बोट ठेवले. "अहो, ही यादी चुकली आहे," त्या म्हणाल्या. "कल्याण, मग कसारा आणि मग कळवा. ळ तर ह च्या नंतर येतो ना? तुमच्याकडे कळवा मध्येच कसे आले?"

त्यांनी आयुष्यभर सूचीपत्रांचे खण याच क्रमाने लावले होते, त्यामुळे त्यांना ती चूक एका क्षणात दिसली. मला मात्र ती महिनाभर दिसली नव्हती. त्या एका प्रश्नाचे उत्तर शोधताना वेबवरच्या मराठीला आधार देणाऱ्या मुक्त स्रोत लायब्रऱ्यांशी माझा खरा परिचय झाला, आणि तो परिचय लिहून ठेवावा असे बरेच दिवस मनात होते. (पुढे गोंधळ होऊ नये म्हणून सांगतो: पुस्तकांच्या जागेला या लेखात वाचनालय म्हटले आहे आणि प्रोग्रॅमर एकमेकांना वापरायला देतात त्या तयार कोडच्या संचाला लायब्ररी.)

चूक कशी झाली ते साधे आहे. वेबपाने चालवणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेला एखादी यादी लावायला सांगितली आणि आणखी काही सांगितले नाही, तर ती अक्षरांच्या युनिकोड क्रमांकांनुसार लावते. (युनिकोड म्हणजे जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एक ठरावीक क्रमांक देणारी प्रमाण पद्धत.) युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच नंतर आणि व च्या आधी बसलेला आहे. तो तक्ता संपूर्ण देवनागरीचा आहे, केवळ मराठीचा नाही, आणि त्यातील क्रमांक ही अक्षराची ओळख आहे, त्याचे बाराखडीतील स्थान नव्हे. म्हणून संगणकाच्या दृष्टीने कळवा कसाऱ्याच्या आधी येते. यावरचा उपाय जावास्क्रिप्टमध्येच आहे. ‘इंट्ल’ या नावाच्या अंगभूत सोयीत भाषा सांगून क्रम लावणारा कोलेटर मिळतो. त्याला मराठीचा संकेत दिला की ळ आपल्या जागी, म्हणजे ह च्या पलीकडे जातो. मी तो वापरला, माझ्या संगणकावरच्या ब्राउझरमध्ये यादी बरोबर आली आणि मी बाईंना तसे कळवले. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला की यादी अजून तशीच आहे.

याचे कारण शोधायला मला दोन दिवस लागले. ती यादी सर्व्हरवर तयार होत होती आणि सर्व्हरवर नोडची, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनाची, १२वी आवृत्ती होती. नोड आणि क्रोम हे दोघेही भाषाविषयक कामांसाठी आयसीयू नावाच्या मुक्त लायब्ररीवर अवलंबून असतात. ही लायब्ररी आयबीएमने १९९९ साली खुली केली आणि २०१६ पासून ती युनिकोड कन्सोर्शियमच्या छत्राखाली आहे. तिच्यातील भाषांची माहिती मोठी असल्यामुळे, आकार लहान राहावा म्हणून, १३व्या आवृत्तीपूर्वीच्या नोडमध्ये केवळ इंग्रजीपुरता भाग भरलेला असे. मराठी मागितली की तो कोणतीही तक्रार न करता मूळ क्रमावर परतत असे. तारखांचेही तेच होई: सर्व्हरने पाठवलेल्या पानावर क्षणभर इंग्रजी महिना दिसे आणि ब्राउझरने ताबा घेताच तो मराठी होई. मला तो लुकलुकाट पूर्वी दिसला होता, पण मी त्याचा दोष मंद जोडणीला दिला होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या १३व्या आवृत्तीपासून सर्व भाषांची माहिती नोडसोबतच येऊ लागली. मी पुढची दीर्घकालीन आवृत्ती बसवली आणि यादीत कसारा आधी, कळवा नंतर आले.

ळ ने ह च्या नंतर यावे, हे आयसीयूला कोणी सांगितले, हा प्रश्न मला त्या वेळी पहिल्यांदा पडला. उत्तर सीएलडीआर या माहितीसंग्रहात आहे. जगातील भाषांचे महिने, वार, अंक, क्रम, अनेकवचनाचे नियम असे सर्व काही त्यात साठवलेले आहे, आणि ही माहिती कंपन्यांची माणसे व स्वयंसेवक एका सामायिक साधनातून भरतात, एकमेकांच्या नोंदींवर मत देतात आणि ती सर्वांसाठी खुली होते. मराठी मागितल्यावर १२,३४,५६७ असा आकडा देवनागरी अंकांत आणि लाख-हजारांच्या स्वल्पविरामांसह मिळतो. हिंदी मागितली तर विशेष सूचना दिल्याशिवाय इंग्रजी अंक मिळतात. हा फरक कोणा यंत्राने ठरवलेला नाही. मराठी छापील मजकुरात देवनागरी अंक चालतात हे ठाऊक असलेल्या माणसांनी तो नोंदवला आहे.

तारखांच्या बाबतीत मला याहून मोठा आनंद मिळाला. त्या काळात तारखांसाठी बहुतेक सर्वजण २०११ पासून चालत आलेली मोमेंट ही लायब्ररी वापरत. ‘तीन तासांपूर्वी परत केले’ अशा नोंदी देवघेवीच्या पानावर हव्या होत्या. मी तिची मराठीची फाइल केवळ कुतूहलाने उघडली आणि तिच्यात मराठीचे सामान्यरूप सापडले. कालावधी एकटा येत असेल तर ‘एक तास’, ‘एक महिना’, ‘एक वर्ष’. त्याला पुढे प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागणार असेल तर ‘एका तासा’, ‘एका महिन्या’, ‘एका वर्षा’. आणि मग त्यांना ‘पूर्वी’ किंवा ‘मध्ये’ जोडायचे. अनेकवचनात ‘तासां’, ‘दिवसां’ असा अनुस्वारही जपलेला होता. शाळेत पाचवी-सहावीत शिकवलेला नियम कोणीतरी एका छोट्या फंक्शनमध्ये नीट बसवला होता. इंग्रजीच्या धाटणीने केलेली भाषांतरे ‘एक तास पूर्वी’ लिहून मोकळी होतात. या फाइलच्या कर्त्यांना ते पटले नसावे. वेळेच्या बाबतीतही तसेच: तिथे केवळ सकाळ-संध्याकाळ अशी विभागणी नव्हती, पहाटे, सकाळी, दुपारी, सायंकाळी आणि रात्री असे दिवसाचे पाच भाग केलेले होते. जगभर वापरल्या जाणाऱ्या साधनाच्या एका कोपऱ्यात ‘पहाटे’ हा शब्द पाहून मला जे वाटले, त्याला कृतज्ञता याशिवाय दुसरे नाव नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये मोमेंटच्या सांभाळकर्त्यांनी जाहीर केले की यापुढे नवी भर घालणार नाही, नव्या कामासाठी इतर पर्याय निवडावेत. कारणे रास्त होती. तिचा आकार मोठा होता, लागेल तेवढाच भाग उचलण्याची सोय नव्हती, आणि एकदा तयार केलेली तारीख नंतर बदलता येत असल्याने कोठेतरी दूरवर चुका उद्भवत. मी ब्राउझरमधील सापेक्ष काळाच्या अंगभूत सोयीकडे वळलो. तिची माहिती पुन्हा सीएलडीआरमधूनच येते. तिथे व्याकरणाची तऱ्हा वेगळी आहे. मोमेंटने शब्दाचे सामान्यरूप आणि पुढचा भाग वेगळे ठेवून ते जोडले होते. सीएलडीआरमध्ये ‘तासापूर्वी’ आणि ‘तासांपूर्वी’ अशी पूर्ण रूपे एकवचन-अनेकवचनानुसार लिहून ठेवलेली आहेत. दुसरी पद्धत अधिक सुरक्षित आहे, कारण तिथे तयार वाक्यांश वाचून माणूस चूक पकडू शकतो. पण पहिली मला अधिक भाषेच्या जवळची वाटते, आणि ती फाइल मी आजही अधूनमधून उघडून वाचतो.

खरी अडचण पुढे आली, आणि तिचे पूर्ण उत्तर मला आजवर कोणत्याही लायब्ररीत मिळालेले नाही. संकेतस्थळावरील वाक्ये कोडपासून वेगळी ठेवण्यासाठी मी २०११ पासून विकसित होत असलेली आय-एटीन-नेक्स्ट ही लायब्ररी घेतली होती. तिच्यात वाक्य लिहायचे, मध्ये रिकामी जागा सोडायची आणि चालू वेळी तिथे नाव किंवा आकडा येऊन बसतो. इंग्रजीत हे बिनधोक चालते, कारण तिथे गावाचे नाव कोठेही आले तरी तसेच राहते. मराठीत ‘कसारा’ या नावाला ‘त’ जोडायचा तर ‘कसाऱ्यात’ होते, ‘ठाणे’चे ‘ठाण्यात’, ‘टिटवाळा’चे ‘टिटवाळ्यात’ आणि ‘शहापूर’चे ‘शहापुरात’, म्हणजे तिथे दीर्घ ऊकारही ऱ्हस्व होतो. ‘डोंबिवली’ मात्र तशीच राहून ‘डोंबिवलीत’ होते. रिकाम्या जागेपुढे ‘त’ लिहून ठेवला तर ‘कसारात’ आणि ‘ठाणेत’ असे भलतेच काही पडद्यावर येते.

यावर आपण सर्वजण जी पळवाट काढतो ती माझ्याही हातून निघाली: ‘कसारा येथील सभासद’, ‘ठाणे येथे उपलब्ध’. नावाला हात न लावता पुढे ‘येथे’, ‘येथील’, ‘यांनी’, ‘या’ असे शब्द ठेवायचे. हे मराठी चुकीचे नाही, निमंत्रणपत्रिकेत आणि शासकीय पत्रात ते शोभते. पण वाचनालयातला माणूस दुसऱ्याला ‘हे पुस्तक ठाणे येथील शाखेत आहे’ असे सांगत नाही, तो ‘ठाण्याच्या शाखेत आहे’ असे म्हणतो. गेली वीस वर्षे वेबवरचे आपले मराठी एका विशिष्ट ताठर सुरात का बोलते, याचे एक कारण भाषांतरकारांच्या निष्काळजीपणात आहे असे मला वाटायचे. आता वाटते की त्यातील मोठा भाग त्या रिकाम्या जागेचा आहे. भाषांतरकाराला वाक्य मिळते, नाव मिळत नाही, आणि नाव ठाऊक नसताना त्याचे सामान्यरूप कोण करणार?

या प्रश्नाचा विचार करणारी साधने आहेत. फायरफॉक्सवाल्या मोझिलाने तयार केलेल्या आणि २०१९ मध्ये १.० आवृत्तीला पोहोचलेल्या फ्लुएंट या भाषांतराच्या साधनात एखाद्या संज्ञेची अनेक रूपे लिहून ठेवता येतात आणि वाक्यातून हवे ते रूप मागता येते. मी संस्थेच्या नावासाठी ते करून पाहिले आणि ते उत्तम चालले. मात्र ही सोय फाइलमध्ये आधीच लिहिलेल्या संज्ञांसाठी आहे. डेटाबेसमधून येणाऱ्या गावाच्या नावाला ती लागू होत नाही. मार्च २०२५ मध्ये सीएलडीआरच्या ४७व्या आवृत्तीसोबत स्थिर झालेल्या मेसेजफॉरमॅट २ या, भाषांतराची वाक्ये कशी लिहावीत हे ठरवणाऱ्या नव्या विनिर्देशात आपली स्वतःची फंक्शने जोडण्याची वाट ठेवलेली आहे. म्हणजे ‘या नावाचे सामान्यरूप दे’ असे फंक्शन लिहिण्याची जागा आता आहे. ते फंक्शन लिहिणे आणि त्याला लागणारी माहिती गोळा करणे हे काम मराठी येणाऱ्या माणसाचेच आहे. ज्यांनी ही वाट ठेवली, त्यांना ‘शहापुरात’ कसे होते हे ठाऊक असण्याचे कारण नाही.

शोधाचा भाग मी थोडक्यात सांगतो, जरी त्याने मला सर्वांत जास्त छळले. मी घेतलेली एक लोकप्रिय शोध-लायब्ररी मराठी शब्दांसाठी एकही निकाल देत नव्हती. तिचा कोड उघडल्यावर दिसले की शब्दाच्या दोन्ही टोकांची विरामचिन्हे काढून टाकण्यासाठी ती जावास्क्रिप्टच्या जुन्या ‘शब्दातील चिन्ह’ या वर्गाचा उपयोग करते, आणि त्या वर्गात इंग्रजीची ५२ लहान-मोठी अक्षरे, दहा अंक आणि अधोरेखा एवढेच येते. उरलेले सर्व जग तिच्या लेखी विरामचिन्ह होते, त्यामुळे प्रत्येक मराठी शब्द पूर्ण पुसला जात होता. २०१८ पासून जावास्क्रिप्टला युनिकोडचे वर्ग कळतात. मी ‘अक्षर’ हा वर्ग वापरून दुरुस्ती केली आणि लगेच दुसऱ्या खड्ड्यात पडलो, कारण काना, मात्रा, वेलांटी आणि पाय मोडण्याचे चिन्ह यांना युनिकोड ‘अक्षर’ मानत नाही, ‘जोडचिन्ह’ मानते. ‘मराठी’चे ‘मराठ’ झाले. दोन्ही वर्ग एकत्र घेतल्यावरच शब्द अखंड राहिला.

तरीही ‘दऱ्या’ शोधल्यावर निम्मी पुस्तके येत नव्हती. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’, ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ हा भेद आपल्याला प्राणप्रिय आहे. स्वयंपाक्यांना दिलेला निरोप गुरुजनांना जाऊ नये, एवढी तरी भाषेची अपेक्षा असतेच. पण तो आडवा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एकात टिंब असलेला ऱ आणि त्याचा पाय मोडणे, दुसऱ्यात साधा र, पाय मोडणे आणि त्यानंतर एक न दिसणारे जोडणारे चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणाचे नियम लावूनही ते एक होत नाहीत. जुन्या नोंदी एका कळफलकाने आणि नव्या दुसऱ्याने टंकलेल्या असल्याने सूची दोन गटांत विभागली गेली होती. मी शोधण्यापूर्वी दुसरा प्रकार पहिल्यात बदलणारी एक ओळ लिहिली. मराठीसाठी शोध उभारणाऱ्या प्रत्येकाला ही ओळ लिहावी लागणार आहे, आणि ती प्रत्येकाने आपापल्या प्रकल्पात दडवून ठेवावी हे मला पटत नाही. म्हणून मी ती शोध-लायब्ररीकडे चाचणीच्या उदाहरणांसह पाठवली. सांभाळकर्त्याला देवनागरी वाचता येत नव्हती. त्याने विचारले, "हे दोन शब्द सारखेच दिसतात, मग चाचणी काय तपासते?" त्याला आचारी आणि आचार्य समजावून सांगण्यात एक आठवडा गेला, आणि तो आठवडा सत्कारणी लागला असे मी मानतो, कारण त्याने पुढच्या वेळी बंगालीबद्दल आपणहून विचारले.

अक्षरे पडद्यावर नीट उमटतात याचे श्रेय बहुतांशी हार्फबझ या लायब्ररीला आहे. बेहदाद एस्फाहबोद हे तिचे प्रमुख कर्ते. ‘ओपनटाइप’ या फाँटच्या प्रमाण पद्धतीच्या नावाचे फारसी रूप म्हणजे हे नाव. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड आणि लिब्रेऑफिस या सर्वांत ती आहे. ‘कि’ लिहिताना संगणकात आधी क आणि मग वेलांटी साठवलेली असते, पण दिसताना वेलांटी आधी यावी लागते. ‘अर्क’ मध्ये र आधी साठवलेला असतो आणि रफार होऊन क च्या डोक्यावर जातो. हा सगळा उलटापालटीचा व्यवहार ती लायब्ररी दर पानावर हजारो वेळा करते. फाँट आणि ती यांचा मेळ बसला तरच मराठी मराठीसारखी दिसते. पानावर भाषा मराठी असल्याचे नमूद केले, तर ज्या फाँटमध्ये तशी सोय केलेली असते तो ल आणि श यांची मराठी वळणे निवडतो. २००९ च्या शासन निर्णयाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श प्रमाण मानले. भाषेचा तो एक छोटा संकेत लिहायचा राहिला, तर हिंदी वळणाचा ल येऊ शकतो.

मी मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेला मुक्ता हा फाँट घेतला. त्याच्या सात जाडी आहेत आणि तो मुक्त फाँट परवान्याखाली आहे, त्यामुळे वाचनालयासारख्या संस्थेला तो संकेतस्थळासोबत ठेवता येतो. गावाकडच्या जोडणीवर पान लवकर उघडावे म्हणून पायथनमधील फाँटटूल्स वापरून मी त्यातील केवळ देवनागरीचा भाग कापून घेतला, आणि दंडाच्या पानावर रुपयाचे चिन्ह भलत्याच फाँटमध्ये उमटू लागले. देवनागरीच्या तक्त्यात ते चिन्ह नाही, ते चलनांच्या तक्त्यात आहे. मग गूगल फाँट्सची देवनागरीची कक्षा पाहिली. तिच्यात रुपयाचे चिन्ह, न दिसणारी जोडचिन्हे आणि ठिपक्यांचे वर्तुळही घेतलेले होते. कोणीतरी या वाटेने आधी चालून गेले होते. शीर्षकांना अक्षरांतर देण्याची तयार सोयही मी सर्वत्र काढून टाकली, कारण अक्षरे दूर गेली की शिरोरेषा तुटते, आणि तुटक शिरोरेषेचे मराठी वाचताना दात अडखळल्यासारखे होते.

आता गावांच्या नावांकडे परत येतो. ग्रंथपाल बाईंना मी सामान्यरूपाची अडचण सांगितली, तेव्हा त्यांनी एक जुनी वही काढली आणि सभासदांच्या गावांची नावे एका रकान्यात व ‘त’ आणि ‘च्या’ लावलेली रूपे पुढच्या दोन रकान्यांत लिहायला सुरुवात केली. ती वही मी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवली आणि मुक्त परवान्याखाली ठेवली. आसपासच्या दोन वाचनालयांनी त्यांच्या गावांची भर घातली आहे. मुरबाड, खडवली, आसनगाव, बदलापूर यांवर एकमत झाले. ‘वाशिंद’ अजून बाकी आहे. बाईंच्या मते तिथे ‘वाशिंदला’ हेच खरे आणि ‘वाशिंदात’ कोणी म्हणत नाही. दुसऱ्या वाचनालयाचे कार्यवाह स्वतः वाशिंदचे आहेत आणि ते ‘वाशिंदात’ म्हणतात. फाइलमध्ये त्या ओळीपुढे सध्या दोन्ही रूपे लिहिलेली आहेत आणि पुढच्या रविवारी आम्ही तिघे त्यावर बसणार आहोत.